पत्र कोणी नेलं, कोणी वाचलं, कोणी जाळलं: दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बड्या घरांचा पत्रव्यवहार

जॉर्ज वॉशिंग्टन आणि मार्था यांचा संसार जवळपास 41 वर्षांचा. त्यातली आठ वर्षं तो स्वातंत्र्ययुद्धात सैन्याबरोबर, म्हणजे पत्रं भरपूर गेली-आली असणार, पण आज या नवरा-बायकोच्या आपसातल्या पत्रांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच उरलीत, कारण नवरा गेल्यावर मार्थाबाईंनी ती जाळून टाकली. जून 1775 ची दोन वाचली, तीसुद्धा त्यांच्या लिहायच्या डेस्कमध्ये कुठेतरी अडकून राहिली होती आणि नंतर नातीच्या हाती लागली असं सांगतात.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण. दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि त्याची बायको अ‍ॅबिगेल. यांची आपसातली 1,100 हून जास्त पत्रं आजही आहेत. अ‍ॅबिगेल त्याला सांगायची की माझी पत्रं जाळून टाक, कुणाच्या हाती पडली तर माझी शोभा होईल, आणि हा गडी जून 1776 मध्ये तिला कळवतो की मी एक मोठी कोरी वही विकत घेतलीय, यापुढे तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल त्यात ठेवणार, आणि खरं सांगायचं तर तुझी पत्रं माझ्यापेक्षा जास्त जपून ठेवायच्या लायकीची आहेत. दोन्ही घरं त्याच काळातली, एकमेकांना ओळखणारी, पण एकीकडे राख आणि दुसरीकडे कपाटं भरून कागद.

हे आधी सांगायचं कारण असं की त्या काळची कौटुंबिक पत्रं वाचताना आपण पटकन समजतो की हे सगळं खाजगी, मनातलं, मोकळं आहे. तसं ते फारच कमी वेळा असतं. पत्र हे त्या घरांचं काम होतं, रोजचं, कधीकधी जुलमाचं, आणि प्रत्येक पत्रामागे कोणी पैसे भरले, कोणी नेलं, कोणाकोणासमोर वाचलं गेलं आणि शेवटी कोणी ठेवलं किंवा जाळलं हे प्रश्न उभे असतात, ते सोडून नुसता मजकूर वाचला तर अर्धंच समजतं.

आधी माणसं कोण ते बघू. अमेरिका स्वतंत्र झाली 1783 मध्ये (जाहीरनामा 1776 चा, पण तह 1783 चा), तेव्हा तिथे राजा नव्हता, सरदार नव्हते, पण बडी घराणी होतीच. व्हर्जिनिया, मेरीलँड, साउथ कॅरोलायना इथे हजारो एकर जमीन, तंबाखू नाहीतर भात, आणि राबायला गुलाम. यांना जेंट्री म्हणायचे. व्हर्जिनियात रँडॉल्फ, ली, कार्टर ही अशी घराणी, जवळजवळ सगळी एकमेकांची नातेवाईक कारण लग्नं चुलत-मावस भावंडांतसुद्धा व्हायची. उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅडम्स मंडळी तेवढी जमीनदार नव्हती, वकील आणि मध्यम शेती, पण शिक्षण आणि सत्तेमुळे त्यांची ऊठबस याच वर्तुळात. ही माणसं राहायची एकमेकांपासून कोसभर नाही तर कित्येक दिवसांच्या अंतरावर. पुरुष काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) कामासाठी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, पुढे वॉशिंग्टनला, मुली लग्न होऊन दुसऱ्या काउंटीत, मुलं शिकायला कुठेतरी लांब. कुटुंब कुटुंब म्हणून टिकायचं ते कागदावर.

आणि कागद पोचवणं सोपं नव्हतं. 1790 मध्ये अख्ख्या देशात फक्त 75 पोस्ट ऑफिसं होती. 1792 ला काँग्रेसने पोस्टाचा कायदा केला त्यात दर ठरले अंतरावर: 30 मैलांपर्यंत 6 सेंट, मग टप्प्याटप्प्याने वाढत 450 मैलांच्या पुढे 25 सेंट. आणि हा दर एका कागदाचा बरं का. दोन कागद घातले की दुप्पट, तीन घातले की तिप्पट. म्हणून पाकीट नावाची चीज वापरायचीच नाहीत, कारण पाकीट म्हणजे अजून एक कागद. एकच मोठा ताव घ्यायचा, तीन बाजू लिहायच्या, घडी अशी घालायची की चौथी बाजू बाहेर येईल, तिच्यावर पत्ता, आणि लाखेने किंवा पिठाच्या पातळ चकतीने चिकटवायचं. जागा संपली की कडेच्या मोकळ्या पट्टीत लिहायचं, तीही संपली तर कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात दुसऱ्या ओळी. असलं पत्र आज वाचायचं म्हणजे डोळ्यांचा जीव जातो, पण लिहिणारीचे पैसे वाचायचे.

खरं तर लिहिणारीचे नाही, घेणाऱ्याचे. तिकिटं आली 1847 मध्ये, त्याआधी बहुतेक पत्रं आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणायचे तशीच जायची, पैसे ज्याला पत्र मिळालं त्याने भरायचे. त्यामुळे पत्रात फालतू काही नसावं ही एक अदृश्य अट असायची, आणि कितीतरी पत्रांत सुरुवातीलाच माफी असते की विशेष काही नाही तरी लिहितेय. वर्तमानपत्र मात्र स्वस्त, 100 मैलांपर्यंत 1 सेंट, त्याच्या पुढे दीड सेंट, मग लोक काय करायचे तर पेपरमधल्या छापील अक्षरांवर सुईने भोकं पाडून किंवा बारीक ठिपके देऊन निरोप पाठवायचे. जुगाड काय फक्त आपल्याकडेच होतो असं नाही.

बड्या लोकांना यातून सूट होती, त्याला फ्रँकिंग म्हणतात. काँग्रेसचे सदस्य आणि मोठे अधिकारी यांनी पत्रावर सही केली की ते फुकट. म्हणजे ज्यांना परवडत होतं त्यांनाच माफी, हे तेव्हाही असंच होतं. वॉशिंग्टन वारल्यावर मार्थाबाईंना सांत्वनाची इतकी पत्रं यायला लागली की एप्रिल 1800 मध्ये काँग्रेसने खास कायदा करून त्यांच्या पत्रांचं टपाल माफ केलं. दुःखाचंसुद्धा बिल येतं हे काँग्रेसच्या लक्षात आलं, एवढं तरी बरं.

पोस्टावर विश्वासही नसायचा फारसा. त्यामुळे शक्यतो ओळखीच्या माणसाबरोबर: कुणी भाऊ निघालाय, कुणी वकील कोर्टाच्या कामाला चाललाय, जहाजाचा कप्तान ओळखीचा आहे, किंवा घरचा गुलाम घोड्यावरून शेजारच्या मळ्यावर जातोय. म्हणून पत्रांच्या शेवटी घाई दिसते, नेणारा माणूस थांबलाय, बाकी पुढच्या वेळी. आणि असा नेणारा माणूस पकडला गेला तर काय होतं हे जॉन अ‍ॅडम्सने 1775 मध्ये अनुभवलं. त्याने जुलैत फिलाडेल्फियाहून दोन पत्रं एका तरुण वकिलाबरोबर पाठवली, एक बायकोला आणि एक मित्र जेम्स वॉरनला. वकील इंग्रजांच्या हाती सापडला आणि पत्रं सरळ पेपरात छापून आली. वॉरनच्या पत्रात अ‍ॅडम्सने आपलाच सहकारी जॉन डिकिन्सनला नाव न घेता पैसा मोठा पण अक्कल किरकोळ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. डिकिन्सनला कळायचं ते कळलंच, त्यानंतर रस्त्यात भेटला तरी बोलेना. 1792 च्या कायद्यात पोस्टातल्या माणसांनी दुसऱ्याचं पत्र उघडणं गुन्हा ठरवला खरा, पण ही धास्ती काही लगेच गेली नाही.

घरात पोचल्यावर तर पत्र उघडंच. रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचायचं, मग शेजारच्या मळ्यावरच्या आत्याकडे पाठवायचं, तिने पुढे मावशीकडे. त्यामुळे लिहिणाऱ्याला माहीत असायचं की हे दहा लोक ऐकणारेत आणि तो त्या बेताने लिहायचा. खरंच खाजगी असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत सरकवायचं, पण मग तो दुसरा कागद, दुप्पट पैसे. गुपिताची किंमत अक्षरशः सेंटमध्ये.

हे सगळं एका घरात नीट बघायचं असेल तर थॉमस जेफरसनचं घर घ्यावं (स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला), कारण या माणसाने आयुष्यात सुमारे 19,000 पत्रं लिहिली आणि जवळपास सगळ्यांच्या नकला ठेवल्या. आधी जेम्स वॉटने काढलेलं दाबयंत्र वापरायचा, ओल्या पातळ कागदावर शाई उमटवून घेणारं, आणि 1804 पासून पॉलिग्राफ, म्हणजे दोन लेखण्या दांड्यांनी जोडलेल्या, एक हातात धरून लिहिलं की दुसरी शेजारच्या कागदावर आपोआप तेच लिहिते. कोणाला कधी लिहिलं, कोणाचं कधी आलं याची यादी 1783 पासून मरेपर्यंत ठेवली. आणि याच माणसाने बायकोबरोबरचा पत्रव्यवहार मात्र असा नाहीसा केला की एकही पत्र मिळत नाही. बायको सप्टेंबर 1782 मध्ये गेली. मागे तीन मुली: पॅट्सी, पॉली आणि तान्ही ल्युसी.

बायको गेल्यावर वर्षभराने जेफरसन काँग्रेससाठी अ‍ॅनापोलिसला आणि 11 वर्षांची पॅट्सी फिलाडेल्फियात एका ओळखीच्या बाईंकडे शिकायला. 28 नोव्हेंबर 1783 चं त्याचं पत्र म्हणजे चक्क टाइमटेबल आहे: 8 ते 10 संगीत, 10 ते 1 एक दिवस नाच आणि एक दिवस चित्रकला, 1 ते 2 नाचाच्या दिवशी चित्र आणि दुसऱ्या दिवशी पत्रलेखन, 3 ते 4 फ्रेंच, 4 ते 5 पुन्हा संगीत, 5 पासून झोपेपर्यंत इंग्रजी वाचन-लेखन. शिवाय दर टपालाला मला पत्र, आणि आठवड्याला एक पत्र कुठल्यातरी आत्या-मावशीला, आणि एकही शब्द चुकीचा लिहायचा नाही, लिहिण्याआधी विचार कर, आठवत नसेल तर शब्दकोश बघ. आई गेलेली पोर आणि बाप शुद्धलेखन बघतोय, वाचताना जरा राग येतो. पण त्या समाजात मुलीचं अक्षर आणि स्पेलिंग म्हणजे तिचं घराणं, लग्नाच्या बाजारात तेच बघितलं जाणार, आणि बापाकडे लांबून काळजी दाखवायला दुसरं साधन काय तर सूचना. त्या पत्रांमध्ये माया बऱ्याचदा हिशोबाच्या भाषेत येते, ती तशी वाचावी लागते. प्रत्येक वेळी माफ करावी असं मात्र नाही.

मुलांच्या बाबतीत तर अजून कडक. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने जून 1778 मध्ये आपल्या मुलाला, जॉन क्विन्सीला, जो तेव्हा 11 वर्षांचाही झाला नव्हता आणि बापाबरोबर जहाजाने फ्रान्सला गेला होता, असं लिहिलं की तू दुराचारी किंवा कृतघ्न निघालेला बघण्यापेक्षा ज्या समुद्रातून तू गेलास त्यातच तुला जलसमाधी मिळालेली परवडली. आईचं पत्र आहे हे. मुलगा पुढे सहावा राष्ट्राध्यक्ष झाला, पण ते पत्र वाचून त्या रात्री त्याला झोप कशी लागली असेल कोण जाणे.

जेफरसनकडे परत येऊ. 1784 च्या जुलैत तो पॅट्सीला घेऊन पॅरिसला निघाला, धाकट्या दोघी व्हर्जिनियात मावशी एलिझाबेथ एप्सकडे ठेवल्या. त्या ऑक्टोबरात डांग्या खोकल्याची साथ आली आणि दोन वर्षांची ल्युसी गेली, मावशीची स्वतःची एक मुलगीही गेली. जेफरसनला कळलं जानेवारी 1785 मध्ये, तेही डॉक्टरच्या पत्रातून, जे लाफाएत या फ्रेंच सेनानीने येताना अमेरिकेहून आणलं. मावशीने स्वतः ऑक्टोबरातच लिहिलेलं पत्र पोचलं मे महिन्यात. म्हणजे तीन महिने तो जिवंत समजून असलेल्या मुलीचा बाप होता, आणि बातमी कळून शोक करून झाल्यावर पुन्हा चार महिन्यांनी तीच बातमी, आता मावशीच्या शब्दांत, नव्याने दारात. समुद्रापलीकडचा पत्रव्यवहार म्हणजे हे असं, उत्तरं आधी येतात, प्रश्न नंतर, आणि मेलेली माणसं मधे काही महिने जिवंत असतात.

यानंतर त्याने ठरवलं की पॉलीला पॅरिसला आणायचंच. सप्टेंबर 1785 मध्ये सात वर्षांच्या पॉलीला लिहिलेलं पत्र फार प्रसिद्ध आहे. इथे आलीस की हव्या तेवढ्या बाहुल्या आणि खेळणी मिळतील, फ्रेंच बोलायला शिकशील, आणि हो, उन्हात टोपी घातल्याशिवाय जाऊ नकोस, नाहीतर फार कुरूप दिसशील आणि मग आमचं तुझ्यावर एवढं प्रेम राहणार नाही. हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी घशाखाली उतरत नाही. थट्टेत लिहिलं असेल, पण सात वर्षांच्या मुलीला अटलांटिक ओलांडून थट्टा कळत नाही, आवाज नसतो ना त्या कागदाला.

पॉलीची उत्तरं मात्र सोन्यासारखी आहेत, दोन-चार ओळींची. तुम्हाला आणि ताईला बघावंसं वाटतं पण तुम्हीच एप्स काकांच्या घरी या. आणि नंतर अजून स्पष्ट: मला बोलावणं पाठवलंत याचं फार वाईट वाटलं, मला फ्रान्सला यायचं नाही, मी मावशीकडेच राहणार. आईबापाला लिहायचं पत्र कसं नम्र असावं याचे त्या काळी साचे होते, मुलांना ते गिरवायला लावायचे, आणि त्या साच्यातून एखादं पोर असं सरळ निसटतं तेव्हा कळतं की साचा किती घट्ट होता.

शेवटी फसवून पाठवलं तिला. 1787 च्या मे महिन्यात मावसभावंडांना घेऊन जहाजावर खेळायला नेलं, एक-दोन दिवस सगळी तिथेच रमली, पोर झोपली तशी बाकीची उतरली आणि जहाज सुटलं. सोबत म्हणून घरची गुलाम मुलगी सॅली हेमिंग्ज, वय 14. जून अखेरीस दोघी लंडनला अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सकडे उतरल्या, जॉन तेव्हा तिथे राजदूत होता. जहाजावर पाच आठवड्यांत पॉलीला कप्तानाचा एवढा लळा लागला होता की त्याला सोडताना रडून आकांत, मग हळूहळू अ‍ॅबिगेलची सवय झाली, तेवढ्यात पॅरिसहून न्यायला माणूस आला. बाप नाही, बापाचा नोकर पेती, ज्याला इंग्रजी धड येत नाही. अ‍ॅबिगेलने 6 जुलैला जेफरसनला जे लिहिलं त्यात पोरीचं म्हणणं जसंच्या तसं घातलं: मी सगळ्यांना सोडून समुद्र ओलांडून यांना भेटायला आले तर मला न्यायला हे स्वतः येतील असं वाटलं होतं, ज्याचं बोलणं मला कळत नाही असा माणूस पाठवतील असं नाही. आणि खाली अ‍ॅबिगेलची पुस्ती की हे तिचेच शब्द आहेत. बघा, आठ वर्षांच्या मुलीची तक्रार आज आपल्यापर्यंत पोचली ती एका तिऱ्हाईत बाईने दुसऱ्याच्या बापाला टोमणा मारावा म्हणून ती लिहून ठेवली त्यामुळे.

सॅली हेमिंग्ज जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण होती, म्हणजे पॉलीची एका अर्थाने मावशीच, आणि पुढे तिला जेफरसनपासून मुलं झाली हे आता बहुतेक इतिहासकार मान्य करतात. तिच्या हातचं एकही पत्र नाही. तिच्या आईला ती जहाजावर चढलेली कोणी कळवलं, काय शब्दांत, कागदावर काहीही नाही. हजारो पत्रांच्या त्या ढिगाच्या मधोमध हे भगदाड आहे.

फ्रान्सहून परतल्यावर जेफरसन परराष्ट्रमंत्री झाला, 1790 मध्ये आधी न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया, आणि मुली व्हर्जिनियात. आता त्याने नियम केला: मी दर आठवड्याला एक पत्र लिहिणार, एकदा थोरलीला, एकदा जावयाला, एकदा धाकटीला, आणि तुम्ही तिघांनी आळीपाळीने उत्तर द्यायचं, म्हणजे प्रत्येकाला तीन आठवड्यांतून एकदाच लिहावं लागेल. सोपं आहे की नाही. पण उत्तरं काही येईनात. 23 डिसेंबर 1790 चं पत्र सरळ सांगतं की हे तुम्हा सगळ्यांना रागावण्यासाठी आहे, घर सोडल्यापासून कोणाची एक ओळ नाही. लिहायला काही नाही असं वाटतं का? मग लिहा की सगळे बरे आहेत, किंवा एकाला सर्दी आहे, दुसऱ्याला ताप, तिथे उगवणारी गवताची काडीसुद्धा मला महत्त्वाची आहे, आणि तिथून पार बर्जेर आणि ग्रिझलपर्यंत सगळं कळवा. बर्जेर आणि ग्रिझल ही घरची कुत्री. देशाचा परराष्ट्रमंत्री कुत्र्यांची खबर मागतोय, आणि खरं सांगते, या एका ओळीत तो मला पहिल्यांदा माणूस वाटतो.

धाकटी पॉली आता मारिया झाली होती, 11 वर्षांची, आणि तिला एप्रिल 1790 मध्ये प्रश्नपत्रिका गेली: रोज सूर्योदय बघतेस का, डॉन किहोते या स्पॅनिश कादंबरीची रोज किती पानं वाचतेस, शिवणकाम किती तास, पुडिंग करता येतं का, पालक पेरता येतो का, कोंबडी अंड्यांवर बसवता येते का. तिचं उत्तर असं की डॉन किहोते रोज वाचणं जमलं नाही कारण सारखा प्रवास चालू आहे आणि शब्दकोश एवढा मोठा आहे की गाडीच्या खिशात मावत नाही. काय हुशार उत्तर आहे, बापाला बोलायला जागाच ठेवली नाही.

पुरुषांच्या या पत्रांत अजून एक गोष्ट सारखी येते, राजधानीची शिसारी आणि घराची ओढ. जेफरसन 1797 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष असताना थोरल्या मुलीला लिहितो की घरच्या सहवासातलं सुख आठवलं की इथली असूया, द्वेष आणि विखार यांचा उबग येतो. हे खोटं नसणार, पण हेही लक्षात ठेवायचं की असं म्हणत म्हणत तो माणूस अजून बारा वर्षं राजकारण सोडत नाही, आणि ज्या घराला तो शांत म्हणतो ते चालवायला मुलगी, जावई आणि शेकडो गुलाम राबत असतात. घर म्हणजे शांतता ही कल्पना या पत्रांनीच घडवली, असं म्हटलं तरी चालेल, आणि ती लांब राहणाऱ्याला जास्त सुचते.

17 एप्रिल 1804 ला मारिया 25 व्या वर्षी बाळंतपणानंतर गेली. तेव्हा जेफरसन राष्ट्राध्यक्ष, आणि अ‍ॅडम्स घराण्याशी 1800 च्या निवडणुकीनंतर बोलचाल बंद. अ‍ॅबिगेलने पेपरात बातमी वाचली आणि 20 मे ला नवऱ्याला न सांगता पत्र लिहिलं. त्यात लंडनची ती आठवण आहे, ती लहानगी निघताना कशी गळ्यात पडली आणि रडत म्हणाली की आत्ता कुठे मी तुमच्यावर माया करायला शिकले, तर मला तुमच्यापासून का तोडताहेत. इतकं लिहून खाली सही काय, तर जिला एके काळी स्वतःला तुमची मैत्रीण म्हणवताना आनंद वाटायचा ती. एके काळी! सांत्वन पूर्ण मनापासून आणि भांडण पूर्ण शाबूत, एकाच कागदावर.

जेफरसनने ते पत्र मारियाच्या नवऱ्याला वाचायला पाठवलं, आणि अ‍ॅबिगेलला उत्तर देताना आभार मानून गप्प बसायचं तर जुनं राजकारण काढलं, की अ‍ॅडम्सने जाता जाता शेवटच्या दिवसांत ज्या नेमणुका केल्या तेवढीच एक गोष्ट मला लागली होती. मग काय, अ‍ॅबिगेल सोडते होय, तिनेही सगळा हिशोब मांडला, ज्या पत्रकाराने तिच्या नवऱ्याची बदनामी केली त्याला तुम्ही पैसे दिलेत आणि वर त्याचा दंडही माफ केलात, इथपासून. ऑक्टोबरात तिने पत्रव्यवहार बंद केला. आणि नोव्हेंबर 1804 मध्ये तिने सगळी पत्रं जॉनपुढे ठेवली, त्याने वाचली आणि शेवटच्या पत्राच्या नकलेवर नोंद केली की हा सगळा पत्रव्यवहार माझ्या नकळत सुरू झाला आणि चालला, काल संध्याकाळी आणि आज सकाळी बायकोच्या इच्छेने मी तो पूर्ण वाचला, या घडीला मला यावर काही म्हणायचं नाही. मला वाटतं या नोंदीइतका त्या काळचा नवरा दुसऱ्या कशात दिसत नाही. बाई स्वतःच्या अकलेने माजी मित्राशी, विद्यमान राष्ट्राध्यक्षाशी, पाच महिने वाद घालू शकते, पण शेवटी फाइल नवऱ्याच्या टेबलावर.

सगळ्यांची पत्रं अशी राजकारणाने भारलेली नव्हती हेही सांगायला हवं. मेरीलँडमधली रोझली कॅल्व्हर्ट घ्या. मूळची अँटवर्पची, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत घरच्यांबरोबर अमेरिकेत आली, तिथे कॅल्व्हर्ट घराण्यात लग्न झालं, आणि 1803 मध्ये वडील परत बेल्जियमला गेले. त्यानंतर 1821 मध्ये मरेपर्यंत ती वडिलांना आणि भावा-बहिणीला फ्रेंचमधून लिहीत राहिली, आणि त्या पत्रांत मुलांचे आजार आणि नव्या फॅशनच्या कपड्यांची मागणी यांच्या शेजारीच वडिलांच्या पैशाचा हिशोब असतो, अमेरिकन रोखे कुठले घेतले, बँकेचे शेअर काय भावाने. कायद्याने लग्न झालेल्या बाईच्या नावावर फारसं काही राहत नव्हतं, पण पत्रातून ती वडिलांची मुनीम होती आणि चांगली मुनीम होती. 1812 च्या इंग्लंडबरोबरच्या युद्धात समुद्र बंद झाला आणि पत्रं अडकली, म्हणजे फक्त ख्यालीखुशाली नाही, गुंतवणूकही अडकली.

आणि आता गुलामांकडे, कारण या पत्रांत ते सगळीकडे आहेत आणि कुठेच नाहीत. जेफरसनने आयुष्यभरात 600 हून जास्त माणसं मालकीची ठेवली. पत्रांत ते येतात ते आजारी, पळालेले, विकलेले, किंवा सगळ्यांना नमस्कार सांगा या एका ओळीत. तरी काही कागद उरलेत. 15 नोव्हेंबर 1818 ला पॉप्लर फॉरेस्ट या दुसऱ्या मळ्यावरून हॅना नावाच्या गुलाम बाईने जेफरसनला पत्र लिहिलं, घर आणि सामान सुखरूप आहे, तुमच्या तब्येतीचं ऐकून वाईट वाटलं, आणि मग देवाचे आभार मानायला हवेत असं त्यालाच बजावलं. देवाधर्माबद्दल जेफरसन फार कोणाचं ऐकून घेणारा नव्हता.

दुसरा जॉन हेमिंग्ज, सॅलीचा सावत्र भाऊ, उत्तम सुतार, लिहितावाचता, त्याचीही पत्रं आहेत. त्याने जेफरसनची नात एलनसाठी लिहायचं डेस्क बनवलं होतं. एलन मे 1825 मध्ये लग्न करून बॉस्टनला गेली, सामान मागून जहाजाने निघालं आणि ते बुडालं, डेस्कही गेलं आणि तिची जुनी पत्रंही. जेफरसनने नोव्हेंबरात तिला लिहिलं की जॉनच्या दुःखाला पार नाही, बाकी काय काय गेलं त्याचं त्याला काही नाही, ते डेस्क तेवढं गेलं, व्हर्जिल या रोमन कवीचं महाकाव्य आगीत गेलं असतं तरी खुद्द व्हर्जिलला इतका शोक झाला नसता. दृष्टी फार अधू झालीय, ते कसं होतं हेही नीट आठवत नाही, त्याला आता तसं दुसरं बनवणं जमणार नाही. मग त्याऐवजी जेफरसनने एलनच्या नवऱ्याला आपलं स्वतःचं जुनं डेस्क पाठवलं, ज्यावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला होता. ते आज स्मिथसोनियनमध्ये काचेत आहे आणि येणारे-जाणारे फोटो काढतात. पण ते तिथे पोचलं कारण एका गुलाम कारागिराचं काम समुद्रात गेलं, आणि त्याचं दुःख आपल्याला कळतं तेही मालकाच्या अक्षरात, मालकाच्या उपमेसकट. जॉनने स्वतः कोणती उपमा दिली असती, सांगता येत नाही.

यातलं बरंचसं आज घरबसल्या फुकट वाचता येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची फाउंडर्स ऑनलाइन नावाची साइट आहे, तिथे वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन आणि अजून काही जणांचे कागद तळटिपांसकट आहेत. एक करा, थेट मोठ्या राजकीय पत्रांकडे जाऊ नका, ती सगळे वाचतात. अ‍ॅबिगेल आणि जेफरसन यांची 1787 ची लंडन-पॅरिस पत्रं आणि मग लगेच 1804 ची, अशी जोडीने वाचा, आणि वाचताना तळटीप सोडू नका, कारण पत्र कोणत्या तारखेला लिहिलं आणि कोणत्या तारखेला मिळालं हे तिथे बारीक अक्षरात असतं, आणि अर्धी गोष्ट त्या दोन तारखांच्या मधे घडलेली असते.